पहिली लाकडी आगगाडी घेताना: आधी रूळ बघा, मग गाडी

मुलगी अडीच वर्षांची होती तेव्हा मी तिच्यासाठी लाकडी आगगाडीचा पहिला सेट आणला. खोक्यावर ठळक अक्षरांत '100 नग' असं लिहिलं होतं आणि मला तेवढंच दिसलं. घरी खोकं उघडलं तर आत झाडं, घरं, सिग्नल, पाट्या, लाकडी माणसं, एक गाय, आणि रूळ म्हणाल तर मोजून 18. त्यांचं एक वर्तुळ व्हायचं आणि वर एक शेपटी उरायची, जी कुठेच पोचत नव्हती. तिसऱ्या दिवशी झाडं सोफ्याखाली गेली, गाय उशाशी झोपायला लागली आणि आगगाडीकडे कुणी ढुंकून बघेना.

मग दुसरा सेट आणला, तर त्याचे रूळ पहिल्याला जोडले जाईनात. मावशीनं भेट दिलेलं इंजिन आमच्या पुलाखाली अडकलं. पुढची दोन वर्षं मी अशी ठेचा खात शिकले. ज्यांना पहिल्यांदाच सेट घ्यायचा आहे त्यांना या ठेचा लागू नयेत म्हणून हे सगळं क्रमानं लिहिते आहे.

शब्दांचं आधी ठरवून घेऊ. रुळाच्या एका टोकाला बाहेर आलेली गोल डोक्याची बोंडी असते, तिला मी खुंटी म्हणेन. दुसऱ्या टोकाला ती बसते ती खाच. ज्या दोन समांतर पन्हाळींतून चाकं धावतात ते चर. आणि एका रुळाचे दोन होतात तो फाटा. खऱ्या रेल्वेत त्याला सांधा म्हणतात, पण इथे जोडांबद्दल इतकं बोलायचं आहे की सांधा म्हटलं तर घोळ होईल.

हाताशी काय ठेवायचं

- मिलिमीटरच्या खुणा असलेली फूटपट्टी
- टॉयलेट पेपरच्या रोलची रिकामी पुठ्ठ्याची नळी (कशासाठी ते पायरी 7 मध्ये)
- बारीक पॉलिश पेपर, 220 नंबरचा
- छोटा स्क्रूड्रायव्हर
- घरी आधीचे रूळ असतील तर त्यातला एक सरळ आणि एक वळणाचा. दुकानात जाताना हे दोन खिशात असले की निम्मे प्रश्न जागच्या जागी सुटतात.

1. वय बघा, पण खोक्यावरचा आकडा नीट वाचा

बहुतेक सेटवर तीन वर्षांपासून पुढे असं लिहिलेलं असतं. त्यावर '0-3' आणि बाळाच्या चेहऱ्यावर आडवी रेघ अशी खूणही असू शकते. अनेकांना वाटतं की तीन वर्षांखालच्या मुलाला हे जमणार नाही एवढाच त्याचा अर्थ. तसं नाही. त्या सेटमध्ये तोंडात जाऊन घशात अडकतील असे भाग असू शकतात, म्हणून ती खूण असते. मूल कितीही हुशार असलं तरी त्याच्या घशाचा आकार बदलत नाही.

दीड वर्षाच्या मुलाला रूळ जोडण्यात रस नसतो. त्याला इंजिन धरून फरशीवर ढकलायचं असतं, डबे एकमेकांना चिकटवायचे आणि सोडवायचे असतात. या वयासाठी जाड डबे आणि मोजके मोठे रूळ असलेले खास लहानग्यांचे सेट मिळतात. काहींत रुळाचं टोक उतरतं केलेलं असतं, म्हणजे गाडी रुळावरून जमिनीवर आणि जमिनीवरून रुळावर सहज जाते. तेवढं पुरे. साधारण तीनच्या पुढे मूल तुमच्या मदतीनं गोल जोडतं, आणि चार-पाच वर्षांचं झालं की तुम्हाला बाजूला व्हायला सांगतं.

तेव्हा दोन वर्षांच्या मुलासाठी पुलांचा, क्रेनचा मोठा सेट आत्ताच घेऊन ठेवू नका. तो तुम्हीच जोडत बसाल आणि मूल तो एका हाताच्या फटक्यात मोडेल. आमच्याकडे हे रोज रात्री व्हायचं.

2. रुळाचं माप: 40 मिमी

ब्रियो ही मूळची स्वीडनमधल्या ओस्बी गावची कंपनी, 1884 पासूनची. तिनं 1958 मध्ये लाकडी रेल्वे बाजारात आणली आणि पुढे इतरांनी तेच माप उचललं. त्यामुळे आज बहुतेक कंपन्यांचे रूळ 40 मिमी रुंद आणि 12 मिमी जाड असतात. ब्रियो, हापे, बिगजिग्ज, इकिया यांचे रूळ एकमेकांना जोडता येतात. कुठे जोड थोडा घट्ट बसतो, कुठे थोडा सैल, पण गाडी धावते.

ही खरं तर लाकडी रेल्वेची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे. आज एक छोटा सेट घेतला, वर्षभरानं दुसऱ्याच कंपनीचा पूल घेतला, शेजाऱ्यांकडून जुने रूळ मिळाले, तरी सगळं एका जाळ्यात बसतं. म्हणून पहिला सेट घेतानाच हे माप तपासायचं. खोक्यावर 'इतर लाकडी रेल्वेशी जुळते' अशा अर्थाचं वाक्य असेल तर उत्तम. नसेल तर फूटपट्टी काढा.

इथे दोन अपवाद फसवतात. काही स्वस्त सेटचे रूळ याहून अरुंद असतात. खोक्यावरच्या चित्रात ते अगदी सारखेच दिसतात, आमचा दुसरा सेट असाच निघाला. दुसरा अपवाद थॉमसचा, म्हणजे कार्टूनमधल्या निळ्या इंजिनाच्या नावानं निघणाऱ्या खेळण्यांचा. त्याची जुनी लाकडी मालिका या मापात बसणारी होती, पण 2017 च्या सुमारास आलेल्या नव्या आवृत्तीतल्या रुळांचे जोड वेगळे होते आणि जुन्या रुळांना ते जोडायला मधला तुकडा लागायचा. पुढे कंपनी पुन्हा जुन्या पद्धतीकडे वळली. त्यामुळे थॉमसचे रूळ जुने घेत असाल तर जोड डोळ्यांनी बघूनच घ्या. लेगोच्या डुप्लोसारखी प्लॅस्टिकची रेल्वे ही वेगळीच गोष्ट आहे, ती यात मोजू नका.

3. चर दोन्ही बाजूंना आहेत का?

हा प्रश्न मला कुणीच सांगितला नव्हता आणि माझ्या मते माप सोडलं तर याइतका महत्त्वाचा प्रश्न दुसरा नाही.

वळणाचा रूळ हातात घ्या. तो खाचेकडून खुंटीकडे जाताना समजा डावीकडे वळतो. आता तोच उलटा करा, म्हणजे खालची बाजू वर. आता तो उजवीकडे वळतो. पण गाडी त्यावर कधी धावेल? या बाजूलाही चर कोरलेले असतील तरच. चर एकाच बाजूला असतील, तर ते वळण जन्मभर डावीकडेच वळणार.

एकाच दिशेनं वळणाऱ्या रुळांपासून गोल होतो, लांबट गोल होतो, आणि तिथे गोष्ट संपते. नागमोडी रस्ता होत नाही, इंग्रजी आठासारखा आकारही होत नाही, कारण त्यात गाडी आधी डावीकडे आणि मग उजवीकडे वळते. मूल चार दिवसांत गोलाला कंटाळतं, आणि आपल्याला वाटतं की त्याला आगगाडी आवडत नाही.

काही सेटमध्ये रुळाच्या खालच्या बाजूला गाडीरस्ता छापलेला असतो. एकात दोन खेळणी अशी त्याची जाहिरात असते. आगगाडीसाठी सेट घेत असाल तर त्या रस्त्याच्या बदल्यात तुम्ही अर्धी वळणं गमावता.

4. लाकूड, खुंट्या आणि थोडा ढिलेपणा

चांगले रूळ बहुधा बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचे असतात. हे लाकूड घट्ट, जड, बारीक पोताचं असतं आणि खुंटी कोरली तरी ती सहज तुटत नाही. पाइनसारखं मऊ लाकूड वाईट नाही, पण त्याच्या खुंट्या मुलाच्या पायाखाली आल्या की मानेपाशी तुटतात. एमडीएफचे (लाकडाचा भुगा दाबून केलेल्या फळीचे) रूळ मी टाळेन, कारण त्याला पाणी लागलं की ते फुगतं आणि पुन्हा मूळ आकारावर येत नाही.

काही कंपन्या खुंटी लाकडाऐवजी प्लॅस्टिकची बसवतात. त्याला नाक मुरडायचं कारण नाही. अशी खुंटी दमट हवेत फुगत नाही, आणि मोडण्याच्या बाबतीत मला तरी ती लाकडीपेक्षा चिवट वाटली.

जोडून बघा. रूळ जोडल्यावर हातानं हलवला तर तो थोडासा इकडेतिकडे हलला पाहिजे. हा दोष नाही, मुद्दाम ठेवलेला ढिलेपणा आहे. लहान मुलाचं जाळं गणिताप्रमाणे कधीच जुळत नाही. शेवटचा रूळ बोटभर तिरका येतो, आणि प्रत्येक जोडातला थोडा थोडा ढिलेपणा मिळून ती तफावत गिळून टाकतो. जोड अगदी घट्ट असतील तर तीन वर्षांच्या मुलाला ते ना जोडता येतात ना सोडता.

बोट फिरवून कडा तपासा. कुसळ लागत असेल, वॉर्निशचे पोपडे निघत असतील, तर परत ठेवा.

5. नगांचा आकडा फोडून बघा

आता माझ्या 100 नगांकडे येऊ. खोक्याच्या मागे किंवा बाजूला बहुधा आतल्या वस्तूंची यादी किंवा चित्रं असतात. तिथे उभं राहून मोजा: सरळ रूळ किती, वळणं किती, फाटे किती, पूल आहे का, डबे किती. झाडं, माणसं, पाट्या बाजूला काढा. बोगदा आणि स्टेशन यांना अर्धे गुण द्या, कारण त्यांच्याशी मुलं खरोखर खेळतात.

काही आकडे लक्षात ठेवले की चित्र बघूनच अंदाज येतो. मोठं वळण सहसा 45 अंशांचं असतं, म्हणजे 8 वळणांचा एक पूर्ण गोल. त्यात समोरासमोर सरळ रूळ घातले की लांबट गोल. त्यासाठीही वळणं 8 च लागतात. इंग्रजी आठाचा आकार करायचा तर मधला छेद काटकोनात असतो, आणि प्रत्येक बाजूच्या फासात गाडीला 270 अंश वळावं लागतं. म्हणजे एका फासाला 6, दोन्हींना मिळून 12 वळणं. शिवाय छेदाच्या चारही हातांना निदान एकेक सरळ रूळ. ज्या खोक्यावर आठाचा आकार छापलेला आहे आणि आत वळणं 8 च आहेत, तिथे चित्रकारानं स्वप्न रंगवलंय असं समजा.

सरळ रुळांच्या लांब्याही विचार करून ठरवलेल्या आहेत. ब्रियोच्या पद्धतीत 54, 72, 108, 144 आणि 216 मिमी असे तुकडे येतात. दोन 54 म्हणजे एक 108, दोन 72 म्हणजे एक 144, दोन 108 म्हणजे एक 216. आखूड तुकडे बघायला बिनमहत्त्वाचे वाटतात, पण जाळं पूर्ण करताना शेवटची फट भरायला तेच कामाला येतात. आमच्या घरी सगळ्यात जास्त शोधाशोध 54 च्या तुकड्यासाठी होते आणि तो नेमका कपाटाखाली असतो.

माझ्या अंदाजानं पहिल्या सेटमध्ये एवढं असलं की वर्षभर पुरतं: 12 ते 16 वळणं, वेगवेगळ्या लांबीचे 8 ते 10 सरळ रूळ, फाट्यांची एक जोडी, एक इंजिन आणि दोन-तीन डबे. पूल असेल तर आनंद, नसेल तर पुढच्या वाढदिवसाला.

पुलाबद्दल एक गोष्ट. पूल म्हणजे एक चढाचा रूळ, वरचा भाग आणि एक उताराचा रूळ. हे सगळं सरळ रेषेत येतं, म्हणजे जागा आणि जाळ्याची लांबी दोन्ही बरंच खातं. उतार संपल्यावर लगेच वळण ठेवलं तर गाडी वेगानं येऊन बाहेर फेकली जाते. मधे एक सरळ रूळ घाला. (मुलांना मात्र ती फेकली गेलेलीच जास्त आवडते.)

6. फाटे नेहमी जोडीनं घ्या, आणि खुंट्या मोजून

इथे आम्ही एक अख्खी संध्याकाळ घालवली. फाटे दोन होते, रूळ भरपूर होते, तरी जाळं काही केल्या बंद होईना. प्रत्येक वेळी शेवटी खुंटीसमोर खुंटी यायची. मला वाटलं, माझंच डोकं चालत नाहीये.

हिशोब साधा आहे. साध्या रुळाला एक खुंटी आणि एक खाच असते. कुठेही मोकळं टोक न ठेवता जाळं बंद करायचं तर एकूण खुंट्या आणि एकूण खाचा सारख्याच असल्या पाहिजेत. साधे रूळ कितीही घातले तरी हा तोल ढळत नाही. फाट्याला मात्र तीन टोकं असतात: दोन खुंट्या आणि एक खाच, किंवा दोन खाचा आणि एक खुंटी. पहिल्या प्रकारचे दोन फाटे घेतले तर दोन खुंट्या जास्त होतात, आणि त्या साध्या रुळांनी कधीच भरून निघत नाहीत. आमच्याकडे नेमके तेच होते.

म्हणून एक फाटा दोन खुंट्यांचा आणि दुसरा दोन खाचांचा, अशी जोडी बघून घ्या. कंपन्या बरेचदा अशीच जोडी एका पाकिटात देतात. सुटे फाटे घेताना किंवा दोन सेट एकत्र करताना मात्र हे आपणच मोजायचं.

चुकीची जोडी आधीच घरात असेल तर तीही वाया गेलेली नाही. दोन्ही टोकांना खुंटी किंवा दोन्ही टोकांना खाच असलेले आखूड तुकडे मिळतात. दोन खुंट्या जास्त असतील तर दोन खाचांचा एक तुकडा घातला की तोल जमतो. असे दोन्ही प्रकारचे एकेक-दोनदोन तुकडे घरात असावेतच.

लाकडी फाट्यांत साधारणपणे हलणारं काही नसतं. गाडी कुठे वळवायची ते मुलाचा हात ठरवतो. खटका दाबून वाट बदलणारे यांत्रिक फाटेही मिळतात. हातानं ढकलायच्या गाडीला त्यांची गरज नाही, बॅटरीचं इंजिन असेल तर मजा येते.

7. गाडी: चुंबक, उंची, लांबी

डबे चुंबकानं एकमेकांना धरतात. काहींत चुंबक पक्का बसवलेला असतो, त्यामुळे डबा उलटा लावला की तो पुढच्या डब्याला दूर ढकलतो. काही मुलांना हे कोडं आवडतं, काही तिथेच भोकाड पसरतात. काहींत चुंबक आतल्या आत फिरतो आणि डबा कसाही लावला तरी चिकटतो. तीन वर्षांखालच्या मुलासाठी मी दुसरा प्रकार घेईन.

चुंबक सुटा होऊ शकतो का, हे मात्र नखानं आणि चांगलं ओढून तपासा. दोन चुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकांना ओढतात, मधली भित्ती चिमटली जाते आणि तिला भोक पडू शकतं. सुटलेला चुंबक परत चिकटवून वापरत बसू नका, तो डबा खेळातून काढून टाका. आणि मुलानं चुंबक गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न बघता दवाखाना गाठा.

आता पुठ्ठ्याची नळी. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी एक प्रमाणित दंडगोल वापरतात, त्याचा आतला व्यास 31.7 मिमी असतो. जो भाग न दाबता, कसाही धरून त्यात पूर्ण मावतो, तो घशात अडकण्याच्या दृष्टीनं धोक्याचा. टॉयलेट रोलची नळी त्याहून थोडी मोठी असते, म्हणजे घरच्या तपासणीसाठी अधिक सावध माप. सेटमधली माणसं, पाट्या, मालगाडीतलं सामान त्यातून टाकून बघा. जे आरपार जाईल ते मूल मोठं होईपर्यंत वर कपाटात. आमची गाय या परीक्षेत नापास झाली, आणि तिला कपाटात ठेवण्यावरून घरात जे काही झालं ते लिहीत नाही.

उंचीचं सांगायचं राहिलं. धुराड्याचं उंच इंजिन दुसऱ्या कंपनीच्या पुलाखालून किंवा बोगद्यातून जातंच असं नाही. लांब इंजिनाचं पोट पुलाच्या माथ्यावर टेकतं, चाकं हवेत राहतात आणि मागचे डबे सुटतात. भेट द्यायला इंजिन घेत असाल तर आखूड आणि बुटकं घ्या. ते कुठेही जातं.

8. बॅटरीचं इंजिन: लगेच नको

हे माझं मत आहे, पटलं नाही तर सोडून द्या. हातानं ढकलायच्या गाडीत मूल स्वतः ड्रायव्हर असतं, स्टेशनही तेच आणि प्रवासीही तेच. बॅटरीचं इंजिन आलं की पहिले काही दिवस ते नुसतं बघत बसतं. चार वर्षांच्या पुढे मात्र हेच इंजिन कामाचं ठरतं, कारण गाडी कुठे पडते हे बघून मूल जाळं सुधारायला लागतं.

घेणार असाल तर सेलचं झाकण स्क्रूनं बंद होणारं हवं. पेन्सिल सेलवर चालणारं घ्या. नाण्यासारख्या चपट्या बटन सेलवरचं काहीही लहान मुलाच्या हातात नको: लिथियमचा बटन सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. खेळ बरेच दिवस बंद राहणार असेल तर सेल काढून ठेवा, नाहीतर ते आत पाझरतात. इंजिन अचानक मंद झालं तर आधी आसाला गुंडाळलेले केस काढा. माझे निघाले.

चढावर जुने, गुळगुळीत रूळ आणि चार डबे असतील तर इंजिन जागीच चाकं फिरवत राहतं. डबे कमी करा. चाकावरची रबराची कडी निखळली असेल तर तीही बघा.

9. रंग आणि शिक्के

रूळ बिनरंगाचे आणि डबे रंगीत, ही नेहमीची पद्धत आणि तीच बरी. रुळांना रंग असला तर चरातून तो घासून निघत राहतो.

खोक्यावर खेळण्यांच्या सुरक्षेचं मानक शोधा. युरोपचं ईएन 71, अमेरिकेचं एएसटीएम एफ963, आंतरराष्ट्रीय आयएसओ 8124, भारताचं आयएस 9873. ईएन 71 च्या तिसऱ्या भागात खेळण्यातून शिसं, कॅडमियम यांसारखे घटक किती बाहेर पडू शकतात याची मर्यादा आहे. नुसती सीईची (युरोपच्या नियमांत बसतं असं सांगणारी CE) खूण ही उत्पादकानं स्वतः केलेली घोषणा असते, त्यामुळे तिच्याबरोबर कंपनीचं नाव आणि पत्ताही हवा. यातलं काहीच नसलेला, नाव नसलेला सेट कितीही गोड दिसला तरी घेऊ नका.

10. जुना सेट घेत असाल तर

घ्या, जरूर घ्या. बीचचे रूळ दोन मुलांच्या हातून गेले तरी तिसऱ्याला पुरतात. थोडे डाग, थोड्या चेपा चालतील. हे मात्र बघा:

- खुंटीच्या मानेला चीर आहे का. किंचित वाकवून बघा.
- वास. कुबट वास येत असेल तर बुरशी आत मुरलेली असते, ती पुसून जात नाही.
- डब्यांचा रंग सोलला आहे का, चुंबक जागेवर आहेत का, चाकं घट्ट आहेत का.

जुन्या रंगीत डब्यांबाबत जास्त सावध राहा. 2007 मध्ये थॉमसच्या लाकडी मालिकेतली अमेरिकेत विकली गेलेली सुमारे 15 लाख खेळणी रंगात शिसं सापडल्यामुळे परत मागवावी लागली होती. जुना डबा नेमका कुठला आहे हे कळत नसेल तर रूळ घ्या आणि डबे नवे आणा. गाडी दोन-तीन डब्यांची असते, ते परवडतं. मोलाची वस्तू रूळ आहेत.

11. घरी आणल्यावर

पहिल्या दिवशी सगळं बाहेर काढू नका. आठ वळणं, चार सरळ, एक इंजिन, एक डबा. फाटे पुढच्या आठवड्यात. मूल गोलाला कंटाळलं की त्याच्यासमोर एक फाटा ठेवून गप्प बसा.

रूळ टेबलावर चिकटवू नका. आमच्या ओळखीत एकांनी सुंदर जाळं करून ते फळीवर पक्कं केलं. दिसायला प्रदर्शनात ठेवावं असं, पण त्यात मुलाला करायला काहीच उरलं नाही. खेळ जोडण्या-मोडण्यात आहे. फरशी सगळ्यात उत्तम. जाड गालिच्यावर जोड उचकटतात, तिथे खाली पुठ्ठा अंथरा.

ठेवायला उथळ, रुंद टोपली किंवा ड्रॉवर घ्या. खोल डब्यात हवा तो रूळ नेहमी तळाशी असतो आणि तो काढायला मूल डबा उपडा करतं.

साफ करायला घट्ट पिळलेलं ओलं फडकं, मग लगेच कोरडं. पाण्यात बुडवू नका, भांडी धुण्याच्या मशीनमध्ये तर मुळीच नाही. दमट हवेत खुंट्या फुगून जोड अडकायला लागले तर रूळ काही दिवस कोरड्या जागी, वारा लागेल असे ठेवा. तरी अडकत असतील तर पॉलिश पेपरनं खुंटीच्या कडेवर दोन-चार हलके हात फिरवा आणि लगेच खाचेत घालून बघा. जास्त घासलं तर तो जोड कायमचा ढिला होतो, आणि घासलेलं लाकूड परत येत नाही. भुसा पुसून मगच रूळ मुलाच्या हातात द्या.

आणि नातेवाईक विचारतील, 'वाढदिवसाला काय आणू?' तेव्हा 'काहीही चालेल' म्हणू नका. 'लाकडी रेल्वेचे रूळ, 40 मिमी रुंदीचे, दोन्ही बाजूंना चर असलेले, शक्य असेल तर फाट्यांची जोडी' असं लिहूनच पाठवा. मावशी जरा चिडली होती, पण त्यानंतर तिनं आणलेलं सगळं आमच्या रुळांना जुळतं.